तोंडी शंका मॅडम घेत नाहीत

आमच्या शेजारच्या दाबके मॅडमचं दार त्यांच्या विद्यार्थ्यांनी वाजवायचं नाही, असा नियम आहे. त्या विद्यापीठात आहेत. बाहेरून बी.ए. करणाऱ्या मुलांना कॉम्प्युटरवरून शिकवतात. आमची स्वाती नोकरी करून त्यांच्याच वर्गात शिकते. एकदा पुस्तक घेऊन ती त्यांच्या दारात गेली, तर मॅडम जाळीच्या आतूनच म्हणाल्या, "मेल कर. तोंडी शंका मी घेत नाही."

"पण मॅडम, मी समोरच आहे ना."

"वर्गातली चेणे गावची मुलगी समोर आहे? पाली गावचा मुलगा आहे? मग तूही नाहीस."

स्वाती चपला घालून शांती नगरच्या सायबर कॅफेत गेली. तिथून तिने शंका पाठवली आणि मॅडमनी आमच्या भिंतीपलीकडे बसून उत्तर दिलं. मग रोज तेच. लिफ्टमध्ये भेटल्या तर एवढंच म्हणायच्या, "मेलवर विषय लिहीत जा. नुसतं हाय नको."

आधी मला हसू यायचं. मी चौथी शिकलेली. स्वातीला विचारलं, "एवढं काय लिहितेस गं?" तर म्हणायची, "आई, तुला नाय कळणार." मग तिच्या मैत्रिणीकडून कळलं, की नोकरी सोडावीशी वाटते हेही तिने मॅडमना लिहिलंय. मला एका शब्दाने नाही. जेवायला माझ्याकडे आणि मन मोकळं करायला ती बाई. माझा जीव जळला. सणाला मॅडमकडे वाटी जायची, ती मी बंद केली.

नंतर स्वाती तापाने पडली. आठवडाभर घरातच. एका दुपारी मॅडम आमच्या दारात.

"स्वातीचा मेल नाही. बरी आहे ना?"

"ताप आहे. झोपलीय."

वाटलं, जातील. त्या हलल्याच नाहीत.

"तुम्ही दोघी भांडता ते ऐकू येतं मला," त्या म्हणाल्या. "मीठ जास्त झालं, टीव्हीचा आवाज कमी कर. या आठवड्यात काहीच ऐकू आलं नाही." मग म्हणाल्या, "मला ती 'आदरणीय मॅडम' लिहिते. सगळीच मुलं तसं लिहितात. भांडत कुणी नाही."

मी त्यांना आत घेतलं आणि स्वातीला उठवलं. ती विस्कटलेल्या केसांनी बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मॅडम खुर्चीच्या कडेवर. एवढं लिहिणाऱ्या दोघी, पण एकीच्याही तोंडून शब्द फुटेना. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

मी परक्यांसमोर बोलत नाही. त्या दिवशी चहा होईपर्यंत मीच बोलत होते.