डबल बेल

मला झोप फक्त एसटीतच लागते, हे लॉकडाऊन लागेपर्यंत मलाच ठाऊक नव्हतं. श्रीगोंद्याहून नगरला कचेरीत जाताना कंडक्टरनं डबल बेल मारली, की इकडे गाडी सुटायची आणि तिकडे मी घोरायला लागायचो. (कचेरीतही झोपायचो, पण त्या झोपेत राम नसतो.)

एसटी बंद झाली आणि माझी झोपही आगारात जाऊन बसली. त्यात मोबाईलवर कुणीतरी पाठवलं, 'झोप कमी, तर प्रतिकारशक्ती कमी.' झालं! झोप येईना म्हणून भीती आणि भीतीनं झोप येईना. खरंच घाबरलो होतो हो. जरा कुठं पेंग आली की घसा खवखवायचा. मग मी बायकोला हलवून विचारायचो, "निकिता, झोपलीस का?"

"झोपले हुते," ती म्हणायची.

शेवटी उपाय तिनंच काढला. मला खुर्चीत बसवून तिनं मागून खुर्ची गदागदा हलवली आणि देवघरातली घंटा दोनदा वाजवली. मला झोप आली नाही, पण शेजारच्या रंगुबाई आरती समजून दारात हात जोडून उभ्या राहिल्या.

"रिझवानभाऊंच्या टेम्पोत जा," निकिता म्हणाली. "त्यो बी एसटीवानीच खडखडतोय."

रिझवान आमच्याच गल्लीतला, आणि त्याच्याकडे नगरला लिंबं न्यायचा पास होता. जाऊन-येऊन तेवढीच झोप होईल, असा माझा साधा हिशेब. सकाळी मी लिंबांच्या गोण्यांवर आडवा झालो. ताडपत्रीच्या फटीतून ऊन येत होतं, म्हणून मास्क डोळ्यांवर ओढला. रिझवाननं पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि मी गेलोच.

पुढचं त्यानंच मला सांगितलं. नाक्यावर पोलिसानं ताडपत्री उचलली आणि मला बघून मागं उडी मारली.

"ह्यो कोण रे?"

"आमचे भाऊसाहेब हायेत, सायेब. झोपायला आणलंय."

"का? घरी जागा न्हाई व्हय?"

"जागा हाय. झोप न्हाई."

पोलिसानं लांबूनच काठीनं ढोसलं. मी झोपेतच म्हणालो, "पास आहे," आणि खिशातून एसटीचा पास काढून दिला. (त्याचीही मुदत संपलेली.) मग अँब्युलन्स आली. ती तर एसटीहून जास्त खडखडणारी! मी असा गाढ झोपलो, की डॉक्टरांनी मला बेशुद्धच धरलं. जाग आली ती नाकात काडी गेल्यावर.

रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी मला शाळेतल्या विलगीकरणात ठेवलं. तिथली खाट जागची हलत नव्हती. मी टक्क जागा राहून एकच काळजी करायचो, की निकिताचं कसं होत असेल? माझ्यापायी तिच्या डोळ्याला डोळा लागत नसेल.

सुटून घरी आलो तर ती दारातच उभी. चेहरा टवटवीत, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गायब.

"फार जागलीस ना गं माझ्यासाठी?" मी विचारलं.

तिनं नजर चुकवली.

"अवो, लई दिसांनी झोपले," ती म्हणाली. "रिझवानभाऊ उद्या परत निघणारेत. जाताय का?"

आणि मी काही बोलायच्या आत तिनं देवघरातली घंटा उचलून दोनदा वाजवली.