सबनीसबाईंची चवळी

सबनीसबाई कुणाकडेही चहाला गेल्या की आधी गॅलरीत जातात आणि कुंडीतलं एक रोप उपटतात. घरचे काही बोलायच्या आत मुळं विसळून उजेडात धरलेली असतात. आमची मेथी अशीच गेली.

बाई कल्याणच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. "वरून सगळेच हिरवे दिसतात, मुळाशी चला," हे त्यांचं पालुपद. भाचीला शहाडचं स्थळ आलं, तेव्हा मुलगा नदीकाठी राहतो म्हटल्यावर बाईंनी त्याच्याकडे पिशवीभर माती मागितली. त्याने आणून दिली. लग्न जमलं.

काही महिन्यांपूर्वी सोसायटीने मागच्या मोकळ्या जागेत भाजीचा मळा करायचं ठरवलं. तिथे पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडायचे. बाई म्हणाल्या, आधी माझी चवळी, मग तुमची वांगी. सेक्रेटरी वैतागले, पण बाईंशी वाद घालण्यापेक्षा थांबणं सोपं होतं.

चवळी खुरटलीच. पानंही पिवळी. बाईंनी सगळ्यांना खाली बोलावून एक रोप उपटलं आणि शेजारी घरच्या कुंडीतलं ठेवलं. घरच्याच्या मुळांवर मण्यांसारख्या गाठी होत्या, नखाने फोडल्यावर आतून गुलाबी. दुसऱ्याची मुळं आखूड आणि बोडकी. या गाठींतले जिवाणू कडधान्याला हवेतलं नत्र मिळवून देतात, मातीत शिसं मुरलं की गाठी धरतच नाहीत, असं त्यांनी समजावलं. पाणी कमी पडलं असेल, असं सेक्रेटरींनी सुचवून पाहिलं. शेवटी माती तपासायला पाठवली. शिसं निघालं, भरपूर. मळा रद्द झाला, तिथे फरशी घालायचं ठरलं. मनातल्या मनात भरीत शिजवून बसलेले काहीजण बाईंना टाळू लागले.

फरशीवाले यायच्या आधी बाईंनी एक खुरटं रोप मातीसकट कुंडीत उचलून नेलं. नवा प्रयोग असेल म्हणून कुणी विचारलं नाही.

परवा भल्या सकाळी त्यांचा फोन आला, लगेच वर या. पडल्याबिडल्या की काय म्हणून मी चपला न घालताच धावलो. गॅलरीत त्या चवळीला एक जांभळट फूल आलेलं.

हिची शेंग काही खाता येणार नाही, मी म्हटलं.

"खायचीय कुणाला?" बाई म्हणाल्या. "दिली त्या मातीत उभी राहिली बिचारी. कुणीतरी बघायला नको?"

मग चष्मा पुसत म्हणाल्या, "मुलीला फोन लावलेला. पण जर्मनीत आत्ता मध्यरात्र ना. म्हणून तुम्हाला उठवलं."

आणि त्यांनी माझ्यासाठी खुर्ची फुलासमोर ओढली.