ग्लेझ म्हणायचं, आयसिंग नाही

"क्रीम नाही ते! शंभरदा सांगितलं, क्रीम म्हणू नकोस!"

हाशिमचाचांच्या अंगात कूस बदलण्याइतकीही ताकद उरली नव्हती. पण केकवरच्या थराला कुणी चुकीचं नाव घेतलं, की एवढा आवाज यायचा कुठून, देव जाणे.

"मग काय म्हणू?" त्यांची उशी सारखी करत आसियाबींनी विचारलं.

"बेकरशी संसार केलास आणि अजून मलाच विचार! लोणी फेटून फुगवलं, तर फ्रॉस्टिंग. साखर घट्ट कालवून फासली आणि वाळून कडक झाली, तर आयसिंग. आणि पातळ, काचेसारखं, खालचा केक दिसतो, ते ग्लेझ. मला ग्लेझ पाहिजे. लिंबाचं."

एवढं बोलून त्यांना धाप लागली. दाराआड उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीने, नाझियाने, डोळे पुसले आणि ओव्हन लावला. त्यांना जे आवडेल ते द्या, असं डॉक्टर सांगून गेले होते. डॉक्टर असं कधी म्हणतात, ते मांडवीतल्या त्या घरात सगळ्यांना कळलं होतं.

हाशिमचाचांचं उभं आयुष्य जहाजांवर पाव-केक भाजण्यात गेलं. नाझियाच्या हाताला त्यांचंच वळण होतं. आज रत्नागिरीत वाढदिवस म्हटला, की लोक तिलाच फोन करत. पण तिच्या प्रत्येक केकचा पहिला घास अब्बा खाणार, डोळे मिटणार आणि म्हणणार, "साखर जास्त." त्यापुढे एक अक्षर नाही. एकदा तरी ह्या माणसाच्या तोंडून 'जमलं' ऐकायचं, एवढीच तिची इच्छा होती. आणि आता त्याला वेळ राहिला नव्हता.

केक सुरेख फुगला. तिने वर ग्लेझ ओतलं आणि ते थिजायला ठेवलं. तेवढ्यात अब्बांच्या दुखण्याने उचल खाल्ली आणि घरातलं इंजेक्शन संपलेलं निघालं. नाझिया रिक्षा करून मारुती मंदिराजवळच्या औषधांच्या दुकानांकडे धावली. पहिल्या दुकानात मिळालं नाही, दुसऱ्यातही नाही. तिसऱ्यात दुकानदार आत शोधत होता, तेव्हा फोन वाजला.

"अब्बा केक मागतायत गो," आसियाबी म्हणाल्या. "देऊ?"

"थांब गं अम्मी! आयसिंग झालं नाहीय अजून. आयसिंग नीट होऊ दे, मग द्या. इद्रीसला बोलावून लक्ष द्यायला सांग."

घाईत तोंडातून निघालं ते हे. अब्बा ऐकायला नव्हते ना, मग ग्लेझ काय आणि आयसिंग काय!

आसियाबींनी फोनवर निरोप जसाच्या तसा पोचवला. नाझियाचा धाकटा भाऊ इद्रीस मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीचा धंदा करी. शब्द त्याच्या रोजच्या कामातला होता. पापलेट उतरलं की आयसिंग, सुरमई उतरली की आयसिंग. खाली बर्फ, मध्ये माल, वर बर्फ. केकला ते कशाला लागतं, हे त्याला कळलं नाही. पण आपाचा शब्द आणि अब्बांची शेवटची इच्छा! सगळा धंदा तसाच टाकून, बर्फाच्या चुऱ्याने भरलेला थर्माकोलचा खोका घेऊन तो घरी आला. पोटच्या पोरासारखा त्याने तो केक बर्फात निजवला.

नाझिया इंजेक्शन घेऊन परतली. टेबल रिकामं, आणि स्वयंपाकघरात बांगड्याचा वास.

"केक कुठाय रे?"

"आयसिंग केलंय एकदम फर्स्ट क्लास!" इद्रीसने झाकण काढलं. "वितळायचं नाव घेणार नाही."

तिच्या केकने बर्फात अंग टाकलं होतं. ग्लेझ धुऊन गेलं होतं आणि कडेला एक खवला चिकटला होता.

"मेल्या, हे काय केलंस!"

"तूच सांगितलंस ना? अम्मीला विचार!"

"त्याला ग्लेझ म्हणतात!"

"मग ग्लेझ म्हणायचं ना गो आपा!"

तिने केक बर्फातून बाहेर काढला.

आतून आवाज आला, "आणताय ना?"

दुसरा केक करावा, तर अब्बा दिवसातून जेमतेम घटकाभर शुद्धीवर असत. नाझियाने खवला काढला, त्यातल्या त्यात धड असलेला तुकडा कापला आणि बशी आत नेली. आसियाबींनी घास भरवला. चाचांनी डोळे मिटले. वास तर त्यांना दुखण्यापासून येतच नव्हता.



"साखर बरोबर आहे," हाशिमचाचा म्हणाले.

नाझिया पुढे सरकली. त्यांनी डोळे उघडून बशीकडे पाहिलं.

"आणि किती पातळ! खालचा केक दिसतोय. ह्याला म्हणायचं ग्लेझ." त्यांनी नजर वर केली. "हे वरचं कुणी केलं?"

"मी केलं अब्बा," इद्रीस बोलून गेला. खोटं कसं बोलणार? केलं तर त्यानेच होतं.

चाचांनी मुलीकडे पाहिलं. "जमलंय त्याला. शिक गो त्याच्याकडून."

मग इंजेक्शन दिलं, ते झोपले, आणि पहाटे झोपेतच गेले.

समाचाराला आलेला प्रत्येक जण विचारी, "शेवटचं काय बोलले?" आसियाबी पदर डोळ्यांना लावून सांगत, "इद्रीसच्या केकची तारीफ केली हो." लोक इद्रीसची पाठ थोपटत. तो बिचारा मान खाली घाली. नाझिया चहाचे कप उचलून आत जाई आणि नळ मोठा सोडून रडे.

चाळिसाव्याला नाझियाने तोच केक केला. अब्बांसाठी दुआ मागायची, फातिहाची वेळ झाली, पाहुणे बाहेर बसले, आणि मागच्या दारात इद्रीस उभा. हातात थर्माकोलचा खोका.

"हे काय?"

"नवा आहे गो. मासळी लागलेली नाही." त्याचे डोळे भरून आले होते. "अब्बांना आवडलेलं म्हणून... नको असेल तर परत नेतो."

नाझियाच्या अंगाचा तिळपापड झाला. खोका समुद्रात भिरकावून द्यावासा वाटला. मग तिला अब्बांचे मिटलेले डोळे आठवले. तिने केकचा एक तुकडा कापला, वेगळ्या बशीत ठेवला आणि बशी त्याच्यापुढे सरकवली.

"एवढ्यावरच कर. अब्बांच्या वाट्याचा आहे."

इद्रीसने मूठभर बर्फ उचलला.

"एवढा नको रे!" ती खेकसली. "पातळ. खालचा केक दिसला पाहिजे. ग्लेझ आहे ते."