ऑफ आहेत की ऑफ झालेत?

इंग्रजी शब्दाची काय बिशाद मास्तरांना फसवण्याची! ‘ऑफ’चं नुसतं नाव निघायचा अवकाश, मास्तर सुरू. पंखा ऑफ, मूड ऑफ, सोमवारी ऑफ, आणि आपल्याकडे तर अख्खा माणूसच ऑफ होतो! एवढं सांगून आधी स्वतःच हसायचे.

याच शब्दापायी थोरल्या भावाशी त्यांचं बोलणं बंद होतं. दादाही इंग्रजीचेच मास्तर. एकदा आपल्या घरी जेवताना दादा म्हणाले, "दोन एफचा ऑफ आणि एका एफचा ऑव्ह हा मुळात एकच शब्द बरं का."

"काहीतरीच! एक तोडतो, दुसरा जोडतो. एकाच आईची लेकरं कशी असतील?"

शब्दाने शब्द वाढला. मास्तर भरल्या ताटावरून उठले, ते त्या घराची पायरी पुन्हा चढलेच नाहीत. आठवण यायची, पण आधी बोलायचं कुणी?

आणि एका सकाळी वहिनींचा फोन आला. "भावजी, हे कालपासून अगदी ऑफ आहेत हो. सारखं तुमचं नाव..." तेवढ्यात फोन कटला.

मास्तरांनी बायकोला हाक मारली. "दादा ऑफ झाला गं!"

"अहो, ‘आहेत’ म्हणाल्या की ‘झालेत’?" बायकोने विचारलं.

"जाणारा माणूस व्याकरण बघून जातो का?" मास्तर खेकसले आणि त्यांनी बहिणीला कळवलं. बहिणीने मामांना, मामांनी दादांच्या जुन्या शाळेला. शाळेने ताबडतोब सुट्टी दिली. म्हणजे शाळाही ऑफ!

दोघं दादांच्या घरी धावले. बायकोचे गुडघे दुखरे, ती जिन्याखालीच थांबली. मास्तर धापा टाकत वर पोचले आणि दारातच हंबरडा फोडला, "दादा, तुझंच खरं होतं रे! ऑफ आणि ऑव्ह एकच!"

"काय म्हणालास? पुन्हा म्हण," आतून आवाज आला. दाढीला साबण फासलेले दादा समोर उभे!

मास्तरांनी मग कसंबसं सगळं सांगितलं.

"अरे गाढवा, मूड ऑफ होता माझा! तुझ्यावाचून वाद घालायला कुणी नाही म्हणून. पण माझं म्हणणं तुला पटायला मला मरावं लागलं होय रे?"

"पटलेलं नाहीच," मास्तर नाक पुसत म्हणाले. "तू गेलास म्हणून सोडून दिलं होतं. आता पुन्हा भांडणार!"

"मग आत ये की!" दादांनी त्यांचा हात धरून ओढला.

खालून बायकोची हाक आली, "अहो, काय ते? आहेत की झालेत?"

"आहेत!" मास्तर ओरडले, आणि दादांच्या साबणभरल्या गालाला गाल लावून ढसाढसा रडले.