टिटवीचा प्रबंध

एका जंगलात, मुलांनो, पाणवठ्याच्या काठी एक टिटवी राहायची. वाघ दिसला की ती ओरडायची आणि चितळं पळायची. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. यात काही शास्त्र आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं. त्यामुळे बरीच चितळं म्हातारी होऊन मरत.

मग वाघाच्या ट्रस्टनं जंगलात विद्यापीठ काढलं. त्यात संज्ञापन आणि माध्यम विभाग होता. विभागप्रमुख होते डॉक्टर खवले मांजर. वाघाची चाहूल लागली की ते अंगाचा चेंडू करून डोळे मिटून घेत. त्यांनी जन्मात वाघ पाहिला नव्हता. वाघावर त्यांचे अकरा शोधनिबंध होते.

लवकरच झाडाझाडावर नोटीस लागली. पदव्युत्तर पदवी नसलेल्यानं पाणवठ्यावर ओरडू नये.

"आता गं काय करणार?" चितळिणीनं विचारलं. तिचं पाडस पोटाखाली लुचत होतं.

"काय करणार, ॲडमिशन घेणार," टिटवी म्हणाली. "मला हाकललं तर तुमच्याकडे बघणार कोण?"

वर्ग गुहेत भरायचे. गुहेतून पाणवठा दिसत नसे. टिटवीनं ओरडण्याची सात प्रारूपं पाठ केली. चितळांना 'लक्ष्यगट' आणि वाघाला 'संबंधित घटक' म्हणायला ती शिकली. त्या काळात पाणवठ्यावर चार चितळं गेली. टिटवी तेव्हा वर्गात होती. पंचाहत्तर टक्के हजेरी सक्तीची होती.

शेवटी प्रबंध आला. टिटवीनं आपलं ओरडणंच सादर केलं. डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं.

"तुझं ओरडणं सॉफ्टवेअरमधून काढलं. अठ्ठ्याण्णव टक्के उचललेलं निघालं."

"कुणाचं उचललं, सर?"

"तुझ्या आईचं. आजीचंही."

"टिटव्या असंच ओरडतात, सर. म्हणून तर चितळांना कळतं."

"कळणं हा निकष नाही. दहा टक्क्यांच्या आत आण."

टिटवीनं महिनाभर घसा खरवडला. ओरडणं उलटं केलं, मधून तोडलं, शेवटाला थोडं घोगरं केलं. अखेर कुणाशीच न जुळणारा आवाज निघाला. तिनं तो चितळिणीला ऐकवला.

"बेडूक अडकलाय का घशात?"

"अगं, वाघ आला म्हणून सांगतेय."

"असं होय," चितळीण म्हणाली आणि चरत राहिली.

तोंडी परीक्षा पाणवठ्यावरच ठेवली होती. बाहेरचे परीक्षक म्हणून शेजारच्या जंगलातला मोर आला. त्यानं आधी प्रवासभत्त्याचा फॉर्म मागितला, मग म्हणाला, "करा सुरुवात."

टिटवीनं चोच उघडली आणि समोरच्या गवतात पिवळं काही हललं. चितळिणीचं पाडस मान खाली घालून पाणी पीत होतं. नवा आवाज टिटवीच्या घशात तयार होता. साम्य फक्त नऊ टक्के. एवढा काढला की पदवी हातात आणि पाणवठाही तिचाच.

टिटवी तिच्या आईसारखी ओरडली.

पाडस उधळलं. चितळं उधळली. मोर फॉर्म टाकून झाडावर गेला. डॉक्टरांचा चेंडू झाला. वाघानं तो एकदा पंजानं ढकलून पाहिला आणि निघून गेला.

बऱ्याच वेळानं डॉक्टर उलगडले.

"काय झालं?"

"वाघ आला होता, सर. हे बघा पंजे उमटलेत."

"ते जुने असतील. मला फक्त ओरडणं ऐकू आलं. तेच, उचललेलं."

"शब्दशः उचललेलं," मोर फांदीवरूनच म्हणाला.

चितळीण धापा टाकत परत आली होती. "साहेब, ती ओरडली म्हणून माझं लेकरू वाचलं."

"तो तुमचा वैयक्तिक अनुभव, बाई," डॉक्टर म्हणाले. "एका लेकरावरून निष्कर्ष काढता येत नाही."

टिटवीला नापास करून पाणवठ्यावरून काढलं. ती दूरच्या माळावर राहायला गेली. पाणवठ्यावर तिच्याच वर्गातला सरडा नेमला गेला. त्याच्या प्रबंधातलं साम्य शून्य टक्के होतं, कारण त्यानं तोंडच उघडलं नव्हतं. सुवर्णपदक त्याला खुद्द वाघानं घातलं. समारंभाला चितळांना पुढच्या रांगेत बसवलं होतं.

तात्पर्य: वाघ दिसला की लगेच ओरडू नका, मुलांनो. तो आपल्याआधी कुणाला दिसला होता का, ते तपासा. दिसला असेल तर त्यात नवीन काही नाही. गप्प बसा आणि पहिले या.