हिशेबप्रणालीची सावड

तालुका कृषी कार्यालयात अनुदानांवर नजर ठेवणारी हिशेबप्रणाली सोमवारी सकाळच्या एसटीनं कुसळवाडीत उतरली. कंडक्टरनं तिला बाईमाणूस म्हणून अर्धं तिकीट दिलं होतं. वायर कमरेला गुंडाळून ती थेट अनसाबाई खरातांच्या मिरचीत आली.

"ठिबकचं अनुदान तुमच्या नावावर आहे. फोटोत नळ्या शेजारच्या रानात दिसतात."

"दिसतील. तिथंच आहेत," अनसाबाई म्हणाली. "एक आठवडा शेजारणीच्या, केराच्या भेंडीला, एक आठवडा माझ्या मिरचीला. आमची सावड आहे."

सावड म्हणजे आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. बैल असो, माणूस असो. त्याला कागद लागत नाही, जीभ लागते.

"माझ्याकडे सावडीचा रकाना नाही," प्रणाली म्हणाली. "संच जागेवर नसला की अनुदान परत घ्यावं लागतं. संध्याकाळी नोंद करते."

अनुदान परत करायचं तर नळ्या विकाव्या लागणार. नळ्या गेल्या की अनसाबाईची मिरची वाळणार, वर केराची भेंडीही. पण हातापाया पडणं तिच्या रक्तात नव्हतं.

"संध्याकाळपर्यंत काय बांधावर अंडी उबवणार? मिरची तोडू लाग. देठासकट तोड, नाहीतर व्यापारी भाव पाडतो."

प्रणाली तोडू लागली. देठ एकही मोडला नाही, पण मिरच्या ती लांबीप्रमाणे लावून ठेवायची. अनसाबाईनं दोनदा दटावलं, मग नाद सोडला.

बांधापलीकडून केराबाई ओरडली, "अगं, ही कुठली गं? तुझ्या नणंदेपेक्षा बरी दिसते, तोंड बंद ठेवून काम करते!"

"तालुक्याची आहे!"

"तरीच उन्हानं तापलीय. डोक्यावर काहीतरी टाक की तिच्या!"

अनसाबाईनं आपला टॉवेल ओला करून तिच्यावर टाकला. दुपारी भाकरी पुढं केली, तर ती नको म्हणाली. पाहुणीला उपाशी ठेवायचं कसं? मग विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून तिला पोटभर वीज दिली.

दिवस कलल्यावर प्रणाली उठली. "आता नोंद."

"थांब. दिवसभर राबलीस. मजुरी घे."

"मजुरी घ्यायचा मला अधिकार नाही."

"मग सावड झाली. उद्या मी तुझ्या जागी."

"देणं बाकी असताना नोंद बंद करता येत नाही," प्रणाली म्हणाली आणि मुक्कामाला राहिली.

मंगळवारी अनसाबाई कार्यालयात प्रणालीच्या टेबलावर मांडी घालून बसली. तिथल्या कारकून गावंडे भाऊसाहेबांनी सवयीनं फडकं घेऊन आधी तिच्यावरची धूळ झटकली.

"हात आवर, भाऊसाहेब!"

"बरं," म्हणून त्यांनी पहिलं प्रकरण वाचलं. शेडनेट, फोटो जोडलेला, लाभार्थी समोर हजर.

"शेडनेटात काय लावलंय रे?"

"काकडी, मावशी."

"बायकोला फोन लाव, तिच्या तोंडून ऐकू दे."

लाभार्थी जमिनीकडं बघत म्हणाला, "जावयाची मोटारसायकल लावलीय."

"नामंजूर."

"कारण काय लिहू?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"मोटारसायकल."

दुपारी भाऊसाहेबांनी पुढचं नाव वाचलं आणि घसा खाकरला. "अनसाबाई खरात. ठिबक. नळ्या जागेवर आहेत?"

सगळं कार्यालय तिच्याकडं बघू लागलं. हो म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं.

"नाहीत," ती म्हणाली. "खोटं लिहायचं नाही."

"मग वसुली लिहू?"

"नवा रकाना काढ. सावड लिही."

"रकाना वाढवायचा अधिकार फक्त प्रणालीला आहे."

"मग इथं कोण बसलंय?"

भाऊसाहेबांनी टेबलाकडं नीट पाहिलं आणि रकाना वाढवला.

संध्याकाळी अनसाबाई गावात उतरली, तर केराबाई ओसरीवर ठेवणीतल्या लुगड्याच्या घड्या मोडत होती.

"आज दिवसभर तुझी तालुक्याची पाहुणी माझ्या भेंडीत होती गं," केराबाई म्हणाली. "उद्या तालुक्याला मला जायचंय. तिथं बसायला काही देतात का?"

"टेबल आहे," अनसाबाई म्हणाली. "पण खाली टाकायला घोंगडी ने. गार लागतं."