पंखात भरलेली लांबी

आमच्या थोरलीचं लग्न झालं त्या वर्षी घर सुनंसुनं वाटायला लागलं, म्हणून यांनी मागच्या शेडमध्ये विमान बांधायला घेतलं. माणसं मांजर पाळतात!

"वर्षाच्या आत उडवून दाखवतो," हे म्हणाले. "तुझं शिलाई मशीन मीच दुरुस्त केलं ना?"

केलं होतं. तेव्हापासून ते मागे मागे शिवतं.

वर्ष सरत आलं आणि विमान खरंच उभं राहिलं! फक्त उजवा पंख धडाला धरून ठेवणारे बोल्ट गंजले होते. यांनी ते काढले, पंखाखाली स्वयंपाकघरातलं उंच स्टूल लावलं आणि नवे बोल्ट आणायला आणि विमान पास करणाऱ्या सरकारी तपासनिसाला बोलवायला दोन दिवस शहरात गेले.

यांच्या माघारी माझा धाकटा भाऊ आला. कपाटं रंगवण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. म्हणाला, "ताई, असं चकाचक करतो, की तपासनीस पंखात बघून भांग पाडेल!"

म्हटलं, कर बाबा. उडो न उडो, चारचौघांत उभं करण्यासारखं तरी दिसू दे.

हे परतले ते तपासनिसाला घेऊनच. त्यानं पंखावरून हात फिरवला. "वा! काय सफाई! एकही बोल्ट दिसत नाही!"

"दिसायचाच नाही, साहेब!" भाऊ फुगून म्हणाला.

यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. मला बाजूला ओढून म्हणाले, "अगं, इथली भोकं कुठं गेली?"

"मला काय विचारता? तुम्ही पाडली, तुम्ही सांभाळायची!"

"नुसती चाळण होती, दाजी!" भाऊ मध्येच म्हणाला. "एकेका भोकात रंगाऱ्याची लांबी चोपून भरली, पॉलिश पेपर मारला, वर तीन हात रंग. आता मुंगी शिरायची नाही!"

तेवढ्यात तपासनीस म्हणाला, "चला, बसा आत. मैदानापर्यंत चालवा, जमलं तर उचला!"

शहाणा माणूस खरं सांगून मोकळा झाला असता. हे नवे बोल्ट खिशात घालून आत जाऊन बसले! वर्षभर हसणारे शेजारी कुंपणापाशी जमले होते ना!

"अहो, उतरा खाली!"

"एकच फेरी. जमिनीवरूनच."

"इंजिन लागल्यावर तुम्ही जमिनीवर राहाल होय? मला शिकवू नका तुमचा स्वभाव!" मी सरळ चाकापुढे बसकण मारली.

"बाई," तपासनीस म्हणाला, "नवऱ्याच्या उन्नतीच्या आड येऊ नये."

"होऊ दे की उन्नती, पण पंखासकट होऊ दे!"

भावाला वाटलं, सगळं अडलंय ते स्टुलापायी. "थांबा दाजी, वाट मोकळी करतो!" म्हणाला आणि त्यानं स्टूल ओढलं.

दमलेला पाहुणा टेकावा तसा पंख खाली टेकला. रंगाला ओरखडासुद्धा नाही!

कुंपणापाशी कोणी हसलं नाही, हे यांना जास्त लागलं.

"यंत्र उत्तम आहे," तपासनीस म्हणाला. "उडवताना तेवढं स्टूल बरोबर घ्या."

पुढे हे रंग खरवडून भोकं शोधायला निघाले, तर भाऊ आडवा आला. "माझ्या कामाला हात लावलात, तर या घरचं पाणी पिणार नाही!" बायकोचा भाऊ, यांनी पटाशी खाली ठेवली. मी ती उचलून माळ्यावर टाकली.

हे गेले ते आमच्या धाकट्या लेकीला मुलगा झाला त्या वर्षी, थंडीत, झोपेत, घरच्या खाटेवर. जमिनीपासून दीड हात उंच.